तोलाई माफ

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे, पतपेढीच्या वर
आमचं ऑफिस : तीन टेबलं, एक इन्व्हर्टर
आणि खिडकीतून येणारी हळद.
ती कीबोर्डात बसते.
एन्टरची कळ आता कायमची पिवळी.

समोर एकच फंक्शन, हिशोबपट्टी. अकराशे ओळी.
लिहिणारे भूपाल मगदूम,
दुकानातले दिवाणजी, रात्रीच्या क्लासला फॉक्सप्रो शिकलेले.
तेव्हा मी सहावीत होते, मिरजेला.
अडत, हमाली, तोलाई, बारदान,
ओला माल, किडका माल, राजापुरी, सेलम,
मागल्या हंगामाची उचल,
प्रत्येकाआधी एक जर,
त्या जरच्या पोटात दुसरा,
ओळी उजवीकडे सरकत सरकत
स्क्रीनच्या काठाला टेकलेल्या.

मोजायचं सोपं आहे.
वाट फुटली की एक बोट दुमडायचं,
शेवटी एक मिळवायचा.
माझी बोटं संपली, सुकुमारची संपली,
मग मशीनला विचारलं.
एकशे त्रेचाळीस.
एका पावतीसाठी!
दहाच्या वर गेलं की जाणती माणसं भुवई उचलतात,
आमच्या भुवया उरल्याच नाहीत.

पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा,
बोटं बोटांना भाव सांगायची,
बघणाऱ्याला नुसतं कापड हललेलं दिसे.
टेंप, टेंप-वन, टेंप-टू :
तोच रुमाल.
मगदुमांना नावं ठेवण्यापेक्षा
मी त्यांच्या चलांना नावं ठेवली.
बारदानघट. ओलवजा. उचलबाकी.

पण आकडा वाटा सांगतो, खोली सांगत नाही.
खोलीचं म्हणाल तर हरिपूरची पेवं :
जमिनीखाली हळद, वर माणूस जाईल एवढंच तोंड.
उतरायच्या आधी दोरीने कंदील सोडायचा,
ज्योत जगली तर पाय घालायचा.
मीही आधी कंदील सोडले,
जुन्या पावत्या, खऱ्या, तीनशे.
काहीही हलवलं तरी बेरीज पैशापर्यंत तीच यायला हवी.

मग उतरले.
वजन शून्य? दारातूनच परत.
खातं बंद? दारातूनच परत.
एवढ्यानेच आतले चार मजले कोसळले.
अडत उचलून बाजूला ठेवली, हमाली बाजूला,
तीन ठिकाणी तोच गुणाकार होता, तो एका जागी.
दोन दिवस असंच, चहा गार होत.

ओळ आठशे चौऱ्याहत्तर :
जर खाते ३१८, तर तोलाई शून्य.
टीप नाही, तारीख नाही.
सुकुमार म्हणाला, उडव, एक वाट कमी.
उडवली.
दोनशे एकसष्टावा कंदील विझला.
फरक अठ्ठावीस रुपये.

फोन लावला.
"तीनशे अठरा? हौसाबाई."
मग बराच वेळ पलीकडचा कुकरच बोलत होता.
"तिचा मालक पेवात उतरलावता. आमच्याच मालासाठी.
ट्रक लागलावता दारात, कंदील कुणी सोडलाच नाही.
तोलाई घ्यायची नाही, एवढं ठरलं सगळ्यांचं.
लिहून कुठं ठेवायचं कळंना,
म्हणून तिथं ठेवलं.
आता सून आणती माल. खातं तेच हाय."

ओळ परत आणली.
पण आठशे चौऱ्याहत्तराव्या खोलीत नाही,
वर, उजेडात, वेगळं छोटं फंक्शन करून.
नाव काय द्यावं यातच दुपार गेली.
वर दोन ओळींची टीप लिहिली, साधी,
मगदूम बोलले तशीच जवळजवळ.

संध्याकाळी मशीन म्हणालं,
सगळ्यात मोठा तुकडा : आठ.
सात झाला असता.

सुकुमार वाचायला बसला,
वरून खाली, पहिल्यांदाच बोट न लावता.
अडत. हमाली. बारदान.
मग थांबला.
"ही काढायची नाही?"
"वाच ना," म्हटलं. "लिहिलंय."